आक्काचं पोट

आक्का भाडेकरूंना नावानं हाक मारत नसे, जिल्ह्यानं मारायची. मी परभणी. शेजारच्या खोलीतल्या काकू रत्नागिरी. वरच्या मजल्यावर बिहार होता, केरळ होतं, आणि बीडची दोन बिऱ्हाडं होती म्हणून एक बीड आणि एक थोरलं बीड. मी एकदा विचारलं, "आक्का, आम्हाला नावं आहेत की." तर म्हणाली, "नावं दर अकरा म्हयन्यानं बदलत्यात. मी किती ध्यानात ठिवू? जिल्हा ऱ्हातो."

कासारवाडीत स्टेशनपासून पाच मिनिटांवर तिची तीन मजली इमारत होती. सोळा खोल्या, प्रत्येक मजल्याला लांब गॅलरी. तळमजल्यावर ती एकटी राहायची. इथल्या जुन्या घराण्यातली. जमीन कधीच कंपन्यांना गेली होती, उरलेल्या तुकड्यावर ही इमारत उभी होती. वय सत्तरीच्या पुढचं, अंगानं काटक, उंची अशी की गॅलरीच्या कठड्यावरून तिचा फक्त अंबाडा दिसे. नेसायची नऊवारी आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. दोन वर्षांपूर्वी तिला हार्ट अटॅक येऊन गेला होता. तेव्हा डॉक्टरांनी रोज चाला असं सांगितलं, आणि तिनं त्या दिवशीच संध्याकाळी पिंपरी कॅम्पातून बूट आणले. हृदयात बसवलेल्या स्टेंटना ती स्प्रिंगा म्हणायची. "दोन स्प्रिंगा हायेत माज्यात. पडले तरी उसळून वर येईन."

मी चाकणला गाड्यांची रबरी सीलं बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला होते. सीलाच्या कडेवर बोट फिरवून फट शोधायची, दिवसभर, उभ्यानं. खोली बघायला आले तेव्हा वडील बरोबर होते. आक्कानं नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. वडिलांना विचारलं, "तुमच्याकडं आमटीला काय लावता?"

वडील म्हणाले, "येसर."

"येसर म्हंजी काय वो?"

मग वडील सुरू झाले. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, कशाला किती भाजायचं, दळताना काय आधी घालायचं. माझे वडील शाळेत शिपाई होते, इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासानं आक्का उठली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आमटी करशील तवा दार उघडं ठिव."

ते दार उघडं ठेवणं म्हणजे काय, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. सात वाजले की आक्का हातात स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन खालून निघायची. पहिल्या खोलीपासून सोळाव्यापर्यंत. ज्याच्या गॅसवर जे असेल ते वाटीत घ्यायचं, उभ्याउभ्या खायचं आणि निकाल द्यायचा. निकाल देताना भीडभाड काही नाही. "हळद कच्ची ऱ्हायली." "मीठ इसरलीस आन् मागनं घातलंस, वरवर लागतंय." केरळच्या खोबरेल तेलातल्या भाजीला पहिल्या दिवशी, "ही डोस्क्याला लावायची का खायाची?" महिन्याभरानं मात्र केरळ सुट्टीवर गेलं तेव्हा आक्का दोनदा त्यांच्या कुलपाशी जाऊन उभी राहिल्याचं रत्नागिरी काकूंनी पाहिलं.

सुरुवातीला मला रागच यायचा. बारा तासांनी घरी यायचं, कसंबसं काहीतरी शिजवायचं, आणि वर परीक्षा. पण एकदा कंपनीत माझ्या हातून खराब सीलांचा एक अख्खा ट्रे पास झाला. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर झापलं. घरी येऊन मी मुगाचं वरण टाकलं. आक्कानं चमचा तोंडात घातला, थांबली, माझ्याकडं बघितलं. "वरनाला काय न्हाई झालं. तुला काय झालंय?"

मी तिथंच ओट्याला टेकून रडले. ती रडू नको म्हणाली नाही. वाटीतलं वरण संपवलं, बूट काढून आत येऊन बसली, आणि त्या रात्रीच्या पोळ्या तिनं लाटल्या. पोळ्या जाड होत्या. तसं मी सांगितल्यावर खूश झाली.

अशा बाईला पोटाची तक्रार असणार हे उघड होतं. जेवणानंतर ती मोठ्यानं ढेकर द्यायची, पोटावर हात फिरवत म्हणायची, "वायू हाय." ओवा चावायची. पोट नगाऱ्यासारखं फुगतं, गुडगुडतं, असं वर्षानुवर्षं चाललेलं. सोळा घरची भाजी पोटात गेल्यावर गुडगुडणारच, असं आम्ही सगळे समजत होतो. तीही तेच समजत होती.

तो गुरुवार होता. आमच्याकडं कंपन्यांना गुरुवारी सुट्टी. आदल्या संध्याकाळी मी येसराची आमटी केली होती, जोडीला शेंगदाणे घालून ठेचा. आक्कानं त्या दिवशी नियम मोडून दोन वाट्या आमटी घेतली होती. गुरुवारी दुपारचा एक वाजला तरी तिची हाक नाही म्हणून मी खाली गेले. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. पायात बूट, दोन्ही हात पोटाच्या डाव्या बाजूला दाबलेले, कपाळावर घाम.

"काय न्हाई गं. वायू हाय."

हे म्हणताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. तेवढ्यात ती वाकून ओकली, हिरवं पाणी पडलं. मी रत्नागिरी काकूंना हाक मारली. आम्ही दोघींनी तिला रिक्षात घातलं आणि पिंपरीतल्या एका हॉस्पिटलात नेलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला ती डोळे मिटून घ्यायची. फाटकाजवळ रिक्षा थांबली तेव्हा मात्र एक डोळा उघडून रिक्षावाल्याला विचारलं, "कुठला रं तू?"

"लातूर, आजी."

"हळू घे, लातूर."

हॉस्पिटलात आधी तिच्या हृदयाचा आलेख काढला, स्प्रिंगांमुळं. तो ठीक निघाला. रक्त घेतलं, मग सीटी स्कॅनला नेलं. तोवर तिचा मुलगा आला. आम्ही त्याला भाऊ म्हणायचो. पन्नाशीचा, आडव्या अंगाचा, कंपन्यांना बस पुरवण्याचा धंदा. पिंपळे सौदागरला मोठ्या फ्लॅटमध्ये राहायचा. दर रविवारी यायचा आणि निम्मा वेळ गाडीत बसून फोनवर बोलायचा. मनानं वाईट नव्हता, पण काळजी वाटली की त्याचा आवाज चढायचा. त्या दिवशी तो कॉरिडॉरमध्येच माझ्यावर चढला. "काल काय खायला घातलं तुम्ही तिला?"

मी म्हणाले, "आमटी. आणि ठेचा."

"ठेचा! सत्तरीच्या बाईला ठेचा! कळत नाही का राव?"

रत्नागिरी काकू काहीतरी म्हणायला गेल्या, पण मी त्यांचा हात दाबला. मला त्याचं पटलंच होतं. दोन वाट्या आमटी मीच वाढली होती.

सर्जन बाई होत्या. चाळिशीच्या, बारीक, एक वेणी, बोलणं इतकं हळू की भाऊंनाही ऐकण्यासाठी गप्प बसावं लागलं. आक्काच्या कॉटपाशीच त्यांनी सगळं सांगितलं, तिच्यासमोर.

"लहान आतड्याला बाहेरच्या बाजूनं फुगवटे आलेत. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगे येतात ना, तसे. मोठ्या आतड्याला असे बऱ्याच जणांना असतात, लहान आतड्याला कमी. त्यातल्या एकाला सूज येऊन तो फुटलाय. आतड्याच्या बाहेर हवेचे दोन-चार बुडबुडे दिसतायत."

भाऊ म्हणाले, "फुटलाय म्हणताय, मग शिवा की! थांबलाय कशाला?"

"फुटलाय, पण शेजारच्या चरबीनं आणि आतड्यानं ती जागा लगेच झाकून घेतलीय. घाण सगळ्या पोटात पसरलेली नाही. बाकीचं पोट मऊ आहे, बीपी ठीक आहे. ऑपरेशन करायचं म्हटलं तर आतड्याचा तुकडा कापावा लागेल. त्यांच्या हृदयात स्टेंट आहेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. ऑपरेशनच्या टेबलावरच धोका आहे. मी आज म्हणेन, थांबू या. तोंडानं पाणीसुद्धा नाही. सलाईन, अँटिबायोटिक, नाकातून एक नळी. दर थोड्या तासांनी मी येऊन पोट तपासणार. बिघडतंय असं वाटलं की त्याच घडीला ऑपरेशन."

"म्हणजे नुसतं बघत बसायचं? मी दुसरीकडं नेतो तिला."

"नेऊ शकता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण त्या शुद्धीवर आहेत. त्यांना विचारू या."

सगळ्यांनी आक्काकडं बघितलं. आक्का डॉक्टरबाईंकडं बघत होती. चार वाजत आले होते.

"तुमी दुपारी काय जेवला?" तिनं विचारलं.

डॉक्टरबाई गोंधळल्या. "अजून जेवले नाही."

"मग पैलं जेवून या. उपाशी मानसाचं आयकून मी काय ठरवायची न्हाई."

भाऊंनी कपाळावर हात मारला. डॉक्टरबाई मात्र हसल्या, सिस्टरना काय-काय चालू करायचं ते सांगितलं आणि खरोखरच गेल्या. वीस मिनिटांनी परत आल्या. "शेपूची भाजी आणि दोन पोळ्या. भाजी गार होती."

"गार शेपू म्हंजी वनवास," आक्का कळवळून म्हणाली. "बरं, आता सांगा. बिगर फाडायचं बरं व्हईल व्हय?"

"होईल असं वाटतं. खात्री देत नाही."

"खात्री न्हाई म्हनलीस ते ब्येस केलंस. ह्यो माजा ल्योक दिवसातनं धा जनांना खात्री देतो." तिनं डोळे मिटले, कळ गेल्यावर उघडले. "थांबू मग. भूक मी बघते, पोट तू बघ."

तिथून पुढं दोघींचं अरे-तुरेचं नातं जमलं. म्हणजे आक्काच्या बाजूनं.

नळी घातल्यावर तिचा आवाज नाकातून यायला लागला, पण थांबला नाही. मी कंपनीतून आठवडाभर सुट्टी काढली. दिवसा मी, संध्याकाळनंतर भाऊ, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी चार ते सहा भेटायच्या वेळेत सगळी इमारत आली. दोन्ही बीडं, बिहार, केरळ, सगळे. कुणी काय बोलावं हे कुणाला सुचेना. आक्कानंच विषय काढला. "बिहार, काल काय केलं व्हतं?"

बिहारच्या वहिनीनं घाबरत सांगितलं, चना दाल आणि लौकी.

"फोडनीला काय घातलं?"

"जीरा. हींग."

"मिरची?"

"सूखी लाल मिर्च."

"आदी मिरची का आदी जिरं?"

असं सोळा खोल्यांचं चाललं. ज्यानं नुसतं 'बटाट्याची भाजी' असं सांगितलं त्याला परत पाठवलं, की बायकोला विचारून ये. शेजारच्या कॉटवर अपेंडिक्सचा एक मुलगा होता, त्यालाही उपाशी ठेवलेलं. त्यानं कानावर उशी घेतली. सिस्टर येऊन कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आजी, तुमच्यापायी माझा अख्खा वॉर्ड भुकेजलाय. दुसरं काहीतरी बोला की."

"दुसरं काय बोलू? पोटाचाच वॉर्ड हाय नव्हं ह्यो?"

त्याच संध्याकाळी देहूहून तिची धाकटी बहीण आली. बाटलीतून तीर्थ आणलं होतं. "एक चमचा घे गं. तीर्थाला काय व्हतंय?" मी पुढं झाले, पण मला काही बोलावं लागलं नाही. आक्कानं ते तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं, डोक्यावरून फिरवलं. "देवाला सांग, डॉक्टरनी बंद ठिवलंय. उगडलं की त्येचंच पैलं घीन."

इतकी खाण्याला लालचावलेली बाई, पण त्या सगळ्या दिवसांत तिनं कुणाकडं घोटभर पाणी मागितलं नाही. ओठ सुकले की मी ओला बोळा फिरवायचे. तोही ती चोखत नसे.

डॉक्टरबाई दिवसातून चार-पाचदा यायच्या. आधी हात एकमेकांवर चोळून गरम करायच्या, मग आक्काच्या पोटावर ठेवायच्या. दाबताना पोटाकडं बघत नसत, तिच्या तोंडाकडं बघत. दुसऱ्या दिवशी मी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. "मॅडम, माझ्या ठेच्यानं झालं का हे?"

"ठेच्यानं?"

"शेंगदाणे होते त्यात. तिखट होतं."

त्या थांबल्या. "हे फुगवटे एका रात्रीत येत नाहीत. कित्येक वर्षांचे आहेत. तिखटानं फुटत नाहीत, शेंगदाण्यानंही नाहीत. पोट फुगायचं ना त्यांचं? ढेकरा यायच्या?"

मी मान हलवली.

"तेव्हापासूनचे. तुमची काही चूक नाही. उलट तुम्ही वेळेवर आणलंत."

मी मागं वळले तर भाऊ कॅन्टीनचे दोन चहा हातात धरून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. एक कप माझ्यापुढं केला आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी ताप चढला. नाडी पळायला लागली. आक्काचं बोलणं थांबलं, आणि मी खरी तेव्हा घाबरले. डॉक्टरबाईंनी परत स्कॅन करवला. आतड्याशेजारी बोराएवढा पू साठला होता. सुई घालून काढावा एवढा मोठा नव्हता, आणि नवीन गळती दिसत नव्हती. त्यांनी अँटिबायोटिक बदललं, हृदयाच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं, आणि भाऊंच्या हातात कागद दिला.

"ऑपरेशनची संमती. लागेलच असं नाही. मी सहा वाजता परत पोट बघते. तोवर थिएटर तयार ठेवायला सांगितलंय."

भाऊ कागद घेऊन पडद्याच्या पलीकडं खुर्चीवर जाऊन बसले. नेहमी फोनवर असणारा माणूस, फोन खिशात वाजत होता तरी काढत नव्हता. अलीकडं मी आक्काचा हात धरून बसले. सव्वातीन झाले होते. हात गरम आणि कोरडा.

"परभनी," ती म्हणाली. "एक सांगू? कुनाला सांगितलं न्हाई."

"बोलू नका आक्का, दमाल."

"दमले तर गप बशीन की." थोडा वेळ ती श्वास घेत राहिली. "मी लगीन करून आले तवा घरात अठरा मानसं. सैपाक माज्याकडं. पन चाखायचं न्हाई. चाखलं की उष्टं झालं, असं सासूचं. मीठ अंदाजानं, तिखट अंदाजानं. पैलं बापे जेवायचे, मग पोरं, मग म्हाताऱ्या. मी शेवटाला. माज्या वक्ताला पातेल्यात काय नसायचं. भाकरी न् चटनी घ्यायची आन् उठायचं."

"किती वर्षं?"

"बारा. बारा वर्सं मी रोज भाजी केली आन् माज्या भाजीची चव मला ठावं न्हाई."

पडद्यापलीकडं खुर्ची करकरली.

"मग?" मी विचारलं.

"मग सासू गेली. तिचे दिवस झाले, पै-पाव्हने गेले. दुसऱ्या दिशी वांग्याची भाजी केली. घरात कोन न्हाई. पळी घातली पातेल्यात आन् तशीच तोंडात घातली. जीभ भाजली." ती थांबली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "लई वंगाळ झाली व्हती गं!"

"काय?"

"वंगाळ! नुसता मसाला कच्चा, मीठ बचाकभर. बारा वर्सं आख्ख्या घराला मी असलं खायाला घातलं, आन् अठरा मानसांतलं एक बी बोललं न्हाई. मुकाट गिळत व्हती. सासू बी!"

तिला हसू आलं. हसल्यावर पोटात कळ गेली, कळ गेल्यावर तिनं पोट धरलं, आणि पोट धरूनही हसतच राहिली. मला हसू की डॉक्टरांना बोलवू कळेना. "तवाच ठरिवलं," ती धापत म्हणाली. "ज्येचं त्येचं चाखायचं, आन् खरं काय ते तोंडावर सांगायचं. मानसाला कळाया नको व्हय आपन काय रांधतोय ते?"

पडदा सरकला. भाऊ उभे होते. हातातला कागद चुरगळलेला, डोळे लाल.

"मला आवडायची ती भाजी, आई," ते म्हणाले.

"तुला काय कळतंय. तू चार वर्साचा व्हतास."

"आवडायची पण."

"खारट व्हती."

"असू दे."

ते कॉटच्या कडेवर बसले आणि आईचा दुसरा हात धरला. घड्याळ माझ्या समोरच्या भिंतीवर होतं. चार. पाच. आक्काला मधूनमधून ग्लानी येत होती. भाऊ दर थोड्या वेळानं तिच्या पोटावरच्या चादरीकडं बघत, श्वास चालू आहे ना म्हणून.

सहाला पाच मिनिटं असताना डॉक्टरबाई आल्या. हात चोळले, पोटावर ठेवले. या वेळी खूप वेळ. डावीकडं दाबलं, उजवीकडं दाबलं, सोडलं. नाडी स्वतः मोजली. भाऊंनी कागद पुढं केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "सुधारलंय असं मी म्हणणार नाही. पण बिघडलेलंही नाही. नाडी थोडी उतरलीय. मी अजून थांबते."

"तुला घाई न्हाई न्हवं?" आक्कानं डोळे न उघडता विचारलं.

"मला काही घाई नाही."

"मग मला बी न्हाई."

रविवारी ताप उतरायला लागला. सोमवारी नाडी जागेवर आली आणि पोटाचा ताठरपणा गेला. मंगळवारी नळी काढली. बुधवारी सकाळी, सातव्या दिवशी, डॉक्टरबाईंनी स्वतः चमच्यानं पाणी पाजलं. दोन चमचे. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. आक्कानं पाणी जिभेवर फिरवलं, गिळलं, विचार केला.

"टाकी धुवाया झालीया तुमची."

सिस्टर हसत-हसत बाहेर पळाल्या. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

पाणी पचलं, मग डाळीचं पाणी, मग पातळ भाताची पेज. दहा-अकरा दिवसांनी ती घरी आली, पोटावर एकही टाका नसताना. भाऊंनी बायकोला किंवा आम्हाला काही करू दिलं नाही. आईच्या तळमजल्यावरच्या ओट्यापाशी उभं राहून त्यांनी मऊ भात टाकला. मला तीनदा हाक मारून विचारलं, पाणी किती, गॅस किती. तरी तळाला लागलाच. ताटलीत वाढून त्यांनी तो आईपुढं ठेवला आणि समोर जमिनीवर बसले. "तू जेव आधी. मग मी."

आक्कानं पहिला घास घेतला. "करपलाय."

"माहितीय."

"मीठ न्हाई."

"डॉक्टरांनी कमी सांगितलंय."

ती सावकाश सगळा भात जेवली. भाऊ बघत बसले. रविवारी गाडीत बसून फोनवर बोलायचं त्यांनी नंतर बंद केलं. घरात बसून बोलायला लागले, आणि आक्काची तक्रार सुरू झाली की ह्याच्या फोननं डोकं उठतं.

पुढच्या तपासणीला मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टरबाईंनी समजावलं की सूज गेलीय, पू जिरलाय, पण फुगवटे तिथंच आहेत. परत कधी दुखलं, ताप आला, तर वायू म्हणून जिन्यावर बसायचं नाही, सरळ यायचं. थोडं-थोडं खायचं, नीट चावून.

"संध्याकाळी चमचाभर चाखलं तर चालंल?"

"चमचाभर चालेल."

"प्रत्येकाचं?"

"किती खोल्या आहेत तुमच्या?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. मी फाइलीत डोकं घातलं. "पाच-सा असत्याल," ती म्हणाली.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं आणि मी मोशीला राहायला गेले. आक्काला परत तो त्रास झाला नाही. एकदा बारीक दुखलं तेव्हा ती स्वतःच बूट घालून, रिक्षा करून डॉक्टरबाईंपुढं जाऊन उभी राहिली. तो नुसता वायू निघाला. त्याचा तिला कोण अभिमान!

गेल्या वर्षी एका गुरुवारी तिचा फोन आला. "परभनी, मोकळी हायस? मला दवाखान्यात जायाचंय." मी धास्तावून कासारवाडीला पोचले, तर ती तयार होऊन बसलेली, ठणठणीत. "मला काय न्हाई झालं. तिनं बोलिवलंय."

वॉर्डात चाकणकडच्या एका गावातले आजोबा होते. धिप्पाड, मिशीवाले. आतड्याला अडथळा आला होता. ऑपरेशन टळेल असं डॉक्टरबाईंना वाटत होतं, पण त्यासाठी उपाशी राहायला हवं होतं, नळी ठेवायला हवी होती. आजोबांनी दोनदा नळी उपसून काढली होती. तिसऱ्यांदा घातलेली हातात घट्ट धरून ते मुलांवर ओरडत होते. मला घरी न्या, इथं उपाशी मारतायत मला. मुलं हात जोडून उभी होती. डॉक्टरबाई दाराशी थांबल्या आणि आक्काला नुसतं मानेनं खुणावलं. ती खूण आक्काच्या चांगलीच सवयीची दिसली. तेव्हा मला कळलं, ही काही पहिली वेळ नव्हती.

आक्का आत गेली आणि कॉटपाशी उभी राहिली. आजोबांनी तिला वरपासून खाली बुटांपर्यंत न्याहाळलं.

"तुमी कोन वो बाई?"

"मी? मी फुटल्याली हाय."

"आं?"

"आतडं फुटलं व्हतं माजं, हितं." तिनं पोटाच्या डाव्या बाजूला बोट लावलं. "सा दिवस पान्याचा थेंब न्हाई. ही नळी बी व्हती, हीच. शिवलं न्हाई, फाडलं न्हाई. बघा, हुबी हाय न्हवं तुमच्या म्होरं?"

आजोबा बघत राहिले. नळीवरची मूठ सैल झाली. थोड्या वेळानं हात चादरीवर आला. मुलांकडं एकदा बघून, आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "लई भ्या वाटलं व्हतं का वो तुमाला?"

"लई," आक्का म्हणाली, आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.